पडण्याचे दाखले

हॉस्पिटलच्या केसपेपरवर ‘दुखापत कशी झाली’ या रकान्यात लिहिण्याआधी सरांनी कागदाच्या कडेला पेनने दोन छोटे गोल काढून पाहिले. शाई उतरली. मग त्यांनी चष्मा नीट बसवला आणि चाळीस वर्षं फळ्यावर गिरवलेल्या वळणदार इंग्रजी अक्षरांत लिहिलं, की पेशंट जिन्यावरून पाय घसरून पडली. तेवढ्यावर थांबतील तर ते सर कसले. पुढे त्यांनी आणखी एक वाक्य जोडलं: पेशंट लहानपणापासून ॲक्सिडेंट-प्रोन आहे. दोन शब्दांमधली आडवी रेघ त्यांनी जरा ठळक काढली. ती रेघ लोक हमखास विसरत आणि त्याचा सरांना मनापासून राग येई.

शेजारच्या बाकावर त्यांची मुलगी बसली होती. उजवा हात जुन्या टॉवेलच्या झोळीत, डावा हात त्या झोळीखाली. घरात तिला ठकी म्हणत. एकोणतीस वर्षांची झाली, लग्नाला तीन वर्षं झाली, तरी ठकीच. सकाळी आठ वाजता ती एकटीच बसने आली होती आणि दार उघडल्यावर ‘बाबा, हात मोडलाय बहुतेक’ एवढंच म्हणाली होती. दूध नासलंय बहुतेक, असं सांगावं तशा आवाजात.

आतल्या खोलीत डॉक्टर बसल्या होत्या. वयाने ठकीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी केसपेपर वाचला, टेबलावरच्या फायलीतून आणखी तीन कागद काढले आणि चारही एकमेकांशेजारी मांडले.

“आधीच्या तिन्ही कागदांवर हाच शब्द आहे,” त्या म्हणाल्या.

“आमच्या जावयाने लिहिलं असणार,” सर म्हणाले. त्यांना बरं वाटलं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. “मधली रेघ आहे ना?”

डॉक्टरांनी मान वर केली. “आहे.”

“तोच शब्द माझ्या पुस्तकातही येतोय. त्याचं असं आहे डॉक्टर, एखाद्याला एकदा अपघात झाला तर हे विशेषण लावता येत नाही. पुन्हा पुन्हा व्हायला हवा. आणि दोष रस्त्याचा किंवा यंत्राचा नको, त्या माणसाचा हवा. त्याच्या स्वभावातच ते असावं लागतं.”

“तुम्ही हिच्या घरी होता, पडली तेव्हा?”

“नाही. पण हिचं पहिल्यापासून असंच. सहाव्या वर्षी कुंपणाच्या भिंतीवरून पडली, हनुवटीवर अजून खूण आहे. नवव्या वर्षी उकळत्या पाण्यात हात. बाराव्या वर्षी सायकल थेट गटारात. आमच्याकडे काही फुटलं की चौकशी करावी लागायची नाही, आरोपी ठरलेला.”

ठकी हसली. हा किस्सा आला की ती हसायची, तसंच.

“आणि बाराव्या वर्षानंतर?”

सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. “नंतर काय, असंच. किरकोळ,” ते म्हणाले.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. “पडताना माणूस तळहात टेकतो. मग मनगट मोडतं. हिचं मनगट शाबूत आहे. हाड मधेच मोडलंय.” त्यांनी स्वतःचा हात कोपरात वाकवून चेहऱ्यासमोर आडवा धरला. “हात असा असताना.”

“ती पडतेसुद्धा आपल्या पद्धतीने,” सर म्हणाले.

वर्गात अशा वाक्याला पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत हशा पिकत असे. इथे कोणी हसलं नाही. प्लास्टरचं पाणी कालवणाऱ्या सिस्टरने क्षणभर हात थांबवला आणि पुन्हा कालवायला लागली.

“तुम्हाला माझ्याशी एकटीने बोलायचंय का?” डॉक्टरांनी ठकीला विचारलं.

ठकीने आधी वडिलांकडे पाहिलं, मग टेबलावरच्या चार कागदांकडे. “बाबांनी लिहिलंय ते बरोबर आहे,” ती म्हणाली.

घरी पोचल्यावर आईने तिला गरम दूध दिलं, उशा लावल्या आणि आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. दुपारी जावयाचा फोन आला. तो सरांनीच घेतला. काळजीचं काही नाही, सहा आठवड्यांचं प्लास्टर आहे, केसपेपर मी स्वतः भरलाय, असं त्यांनी सांगितलं. जावई म्हणाला, ऑफिस सुटलं की सहापर्यंत येतो न्यायला. त्याचा आवाज नेहमीसारखा मृदू होता. फोन ठेवताना तो ‘सर, तुमचे आभार’ असंही म्हणाला.

मग सर आपल्या टेबलाशी बसले. पुस्तकाची शेवटची प्रुफं उद्या सकाळी छापखान्यात जायची होती. इंग्रजी जोडविशेषणं, त्यांचे अर्थ आणि उपयोग. नोकरीत असताना मनात घेतलेलं आणि निवृत्तीनंतर सहा वर्षं उराशी धरलेलं काम. तशी पुस्तकं बाजारात पैशाला पासरी मिळतात, हे सरांनाही ठाऊक होतं. पण त्या पुस्तकांतली वाक्यं कोणाचीच नसतात, असं त्यांचं म्हणणं. शब्द जिवंत माणसाला अडकवला तरच तो डोक्यात राहतो. म्हणून त्यांच्या वर्गात प्रत्येक जोडविशेषणाला एक धनी असे. बहिणीचं दप्तर घेऊन शाळेत आलेला एक मुलगा ॲब्सेंट-माइंडेड झाला आणि दहावी होईपर्यंत तोच राहिला. पुढे तो बँकेत अधिकारी झाला, तरी रस्त्यात भेटला की सर त्याला त्याच नावाने हाक मारत आणि तोही बिचारा ओ देत असे.

या बाबतीत सर अन्याय मात्र करत नसत. विशेषण द्यायचं तर तीन दाखले हवेत, हा त्यांचा नियम. एकदा विसरला तर विसरला. दोनदा विसरला तर डोळ्यांवर झोप असेल. तिसऱ्यांदा विसरला की शिक्का. घरातही तसंच. बायकोला त्यांनी सॉफ्ट-हार्टेड दिलं होतं. मुलीला बाराव्या वर्षी, सायकल गटारात गेली त्या संध्याकाळी, गुडघ्याला औषध लावता लावता हे विशेषण मिळालं. तिला त्याचा तेव्हा फार अभिमान वाटला. एवढा मोठा इंग्रजी शब्द वर्गातल्या दुसऱ्या कोणाला नव्हता. सरांना स्वतःला कुठलं विशेषण होतं ते मुलांना माहीत होतं, फक्त ते त्यांच्या समोर कोणी उच्चारत नसे.

प्रुफातली नोंद अशी होती. अर्थ: वारंवार अपघात होणारा, बहुधा स्वतःच्या वेंधळेपणामुळे. उपयोग: माझी मुलगी ॲक्सिडेंट-प्रोन आहे. खाली लहान टाइपात दाखले द्यायची जागा सोडली होती. प्रत्येक नोंदीखाली खऱ्या माणसाचे तीन खरे दाखले, सालासकट. पुस्तकाचं वैशिष्ट्य म्हणतात ते हेच होतं. सरांनी आठवून भिंत, पाणी आणि सायकल लिहिली. सालं आठवेनात.

सालं बायकोच्या वहीत असणार होती. स्वयंपाकघरातल्या कपाटात वरच्या फळीवर एक लांब वही असे. घरातल्या कोणालाही ताप आला, टाके पडले, दात काढला की ती तारखेसह त्यात लिहून ठेवी. नवऱ्याच्या भाषेवर तिचा जेवढा विश्वास होता त्याहून जास्त या वहीवर होता. सर वही घेऊन आले आणि मुलीच्या नावाचं पान उघडलं. भिंत सापडली. पाणी सापडलं. सायकल सापडली. तीन सालं त्यांनी प्रुफावर उतरवून घेतली. वही मिटणार तोच त्यांना डॉक्टरांचा प्रश्न आठवला, म्हणून त्यांनी बोट तसंच खाली सरकवलं.

सायकलनंतर कांजिण्या होत्या. मग चष्म्याचा नंबर. मग अक्कलदाढ. मग एकदा टायफॉइड, एकवीस दिवस. पडल्याची नोंद नव्हती. भाजल्याची नव्हती. सरांनी पान उलटून पाहिलं, पुन्हा मागे आले. बारा ते सव्वीस. चौदा वर्षांत ठकी कुठेही पडली नव्हती. कॉलेजला ती रोज सायकलने जात होती, पावसापाण्याची, आणि तिला ओरखडासुद्धा आला नव्हता. मग लग्न. लग्नानंतर सातव्या महिन्यात भुवईला तीन टाके. पुढल्या वर्षी उजव्या बाजूची बरगडी. मग करंगळी. आजची नोंद बायकोने सकाळीच करून ठेवली होती. तिथे फक्त तारीख आणि ‘हात’ एवढंच लिहिलं होतं.

सर वही घेऊन स्वयंपाकघरात गेले. बायको ओट्याशी पाठमोरी उभी राहून चाकूने सफरचंदाची साल काढत होती.

“अगं, ही मधली चौदा वर्षं कोरी आहेत.”

“हो.”

“लिहायचं राहिलं का तुझं?”

“माझं काही राहत नाही लिहायचं.”

सर दारात उभे राहिले. सालीची लांब पट्टी ताटलीत पडत होती.

“मग पोरगी अचानक—” ते म्हणाले आणि थांबले.

बायकोने चाकू खाली ठेवला, पण वळली नाही. “तुम्ही आज कुठल्या जिन्यावरून लिहिलंत?”

“तिनेच सांगितलं. जिन्यावरून.”

“तळमजल्यावर राहते ती. घर तुम्हीच शोधून दिलंत त्यांना. एजंटला दहा वेळा बजावलंत, पोरगी धडपडते, तळमजलाच पाहिजे. गच्चीला कुलूप असतं त्यांच्या.”

सरांना हे आठवत होतं. सकाळी लिहितानाही आठवत होतं. कुठेतरी असेल एखादा जिना, एवढं म्हणून त्यांनी तो विचार बाजूला सारला होता. माणसाला आपल्याच वाक्याची भुरळ पडली की असं होतं.

“तू मला काही बोलली नाहीस.”

“बरगडीच्या वेळी बोलले. करंगळीच्या वेळी बोलले.” तिचा आवाज चढला नाही. “दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, तिचं पहिल्यापासून तसंच आहे. आणि मग ती भिंतीची गोष्ट सांगितलीत मला. मलाच. तिला भिंतीखालून उचलून मी आणली होती.”

तिने सफरचंदाच्या फोडी केल्या आणि ताटली घेऊन मुलीच्या खोलीत गेली. दार पुन्हा लोटलं गेलं. आत काही बोलणं चाललंय का ते सरांना ऐकू आलं नाही. त्यांना आपल्या घरात उभं राहायला जागा नाहीशी झाल्यासारखं वाटलं. ते टेबलाशी परत आले, कारण दुसरीकडे कुठे जावं ते सुचेना.

प्रुफांच्या गठ्ठ्याखाली एक जाड फाइल होती. पुस्तकासाठी लोकांकडून मागवलेली वाक्यं तिच्यात होती. जुने विद्यार्थी, शेजारी, छापखान्याचा मालक, सगळ्यांना सरांनी शब्द वाटून दिले होते आणि ज्याने त्याने आपापल्या माणसांवरून वाक्यं करून पाठवली होती. ठकीलाही दहा शब्द दिले होते. तिचं इंग्रजी पहिल्यापासून चांगलं. मार्चमध्ये ती राहायला आली होती तेव्हा स्वतःच्या हाताने कागद देऊन गेली होती. सरांनी तो तेव्हाच तपासला होता. फायलीतून तो काढताना त्यांना कागद कुठल्या रंगाचा आहे तेही आठवलं, पण त्यात काय लिहिलंय ते काही केल्या आठवेना.

कागदावर दहा वाक्यं होती. बहुतेक वाक्यं तिच्या नवऱ्यावरून केलेली.

सॉफ्ट-स्पोकनचं वाक्य होतं, की माझा नवरा चारचौघांत सॉफ्ट-स्पोकन आहे. सरांनी ‘चारचौघांत’ला लाल गोल करून बाजूला लिहिलं होतं: अनावश्यक. शॉर्ट-टेम्पर्डचं होतं, की तो फक्त घरीच शॉर्ट-टेम्पर्ड असतो. इथे ‘फक्त’ची जागा चुकली होती, ती सरांनी बाण काढून दुरुस्त केली होती. लेफ्ट-हँडेड: तो लेफ्ट-हँडेड आहे, म्हणून मी शक्यतो त्याच्या उजव्या बाजूला बसते. शेरा: वाक्य लांबलं, पहिला भाग पुरे. त्याखाली वेल-लिट, म्हणजे लख्ख उजेडाचं: आमचं स्वयंपाकघर वेल-लिट आहे, म्हणून तो आधी पडदा ओढून घेतो. या वाक्यावर सर तेव्हा फारच खूष झालेले दिसत होते. शेजारी मोठी बरोबरची खूण होती आणि लिहिलं होतं: उत्तम, शब्दाचा अचूक उपयोग.

कागदाच्या तळाशी त्यांनी सही करून एकूण शेरा दिला होता. भाषा निर्दोष. विषयांत विविधता हवी. दहापैकी आठ.

सरांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. आपल्या हातची लाल शाई सोडून वाचायचा प्रयत्न केला, पण ती प्रत्येक ओळीत आडवी येत होती. पोरगी सांगत होती आणि आपण तिला मार्क देत बसलो होतो. 

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती. आतल्या खोलीतून कपाटाचा आवाज आला. ठकी उठली असावी. सहाला निघायचं म्हणून ती आवरत असणार. नवऱ्याला थांबायला लागलेलं आवडत नाही, असं ती पूर्वी एकदा सहज म्हणाली होती, आणि वक्तशीर माणूस आहे म्हणून सरांनी जावयाचं कौतुक केलं होतं.

सहाला पाच मिनिटं कमी असताना बेल वाजली. जावई दारात उभा होता. इस्त्रीचा शर्ट, एका हातात फळांची पिशवी. त्याने बूट काढून नीट जोडीने भिंतीशी ठेवले आणि सरांना वाकून नमस्कार केला.

“फार त्रास झाला तुम्हाला आज, सर,” तो म्हणाला. “मी म्हणत होतो, मी येईपर्यंत थांब. ऐकत नाही.”

“बसा,” सर म्हणाले.

तो बसला. पाण्याचा पेला त्याने डाव्या हातात घेतला. सर त्या हाताकडे पाहत राहिले. बारीक बोटं, स्वच्छ नखं. या हातावर त्यांनी लग्नात पाणी सोडलं होतं आणि जेवताना हा डावखुरेपणा विनोदात काढला होता. पहिल्यांदा हा माणूस घरी आला त्या दिवशी आपण त्याला भिंतीची, पाण्याची, सायकलची गोष्ट सांगितली. शब्द सांगितला. स्पेलिंग सांगितलं. सांभाळून ठेवा बरं का, आमची ॲक्सिडेंट-प्रोन आहे, असं म्हणून खो खो हसलो. म्हणजे हत्यार आपणच हातात दिलं, असं सरांना वाटलं.

“काय करणार,” जावई म्हणत होता, “हिचं लक्षच नसतं. तुम्ही म्हणता तेच खरं, सर. स्वभावच तो.”

ठकी बाहेर आली. केस आईने विंचरून दिलेले दिसत होते. प्लास्टरचा हात गळ्यात, डाव्या खांद्याला पिशवी. मागे दारात आई येऊन उभी राहिली. तिने हात पदरात धरले होते आणि ती फक्त सरांकडे पाहत होती.

“निघायचं?” जावई उठला.

“हो,” ठकी म्हणाली आणि दाराशी जाऊन चपला पायांत सरकवल्या.

“ती आज इथे राहील,” सर म्हणाले.

जावयाने हसून ठकीकडे पाहिलं. “राहू दे की. पण डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल, तर आपल्या घरी जास्त चांगली होईल. इथे तुम्हा दोघांना उगीच दगदग.”

“आजच्यापुरतं नाही. इथेच राहील.”

“काय झालं सर?” आवाज मृदूच होता. “कोणी काही बोललं का? केसपेपरवर तर तुम्ही स्वतः लिहिलंय ना कसं झालं ते.”

सर ठकीकडे वळले.

“तुझी वाक्यं वाचली मी,” ते म्हणाले.

ठकीने मान वर केली. “कुठली?”

“दहाही.”

“मार्चमध्ये दिली होती, बाबा.”

“आज वाचली.”

ती त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, सुटकाही नव्हती. खूप उशिरा आलेल्या बसकडे माणूस जसा पाहतो, चढावं की नको, तसं ती पाहत होती. मग तिने एक चप्पल काढली. तोल जाऊ नये म्हणून दाराच्या चौकटीला टेकली आणि दुसरी काढली. आईने पुढे होऊन तिच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली.

जावयाने दोन वेळा तिला नावाने हाक मारली. दुसऱ्या हाकेला आवाज चारचौघांतला राहिला नव्हता. सर मधे उभे राहिले. अंगाने ते काही दांडगे नव्हते, पण उभे राहिले. शेवटी तो बूट घालून गेला. फळांची पिशवी खुर्चीवरच राहिली. आईने ती उचलून बाहेर, जिन्याच्या कठड्याशी नेऊन ठेवली आणि आतून कडी लावली.

सरांनी टेबलावरून कोरा कागद ओढला, पेनचं टोपण काढलं. “मी आत्ता डॉक्टरांना लिहून देतो. सकाळचं चुकीचं आहे, माझी समजूत चुकली, असं स्पष्ट लिहितो. उद्या उघडल्या उघडल्या नेऊन देतो. हवं तर वकिलांनाही—”

“बाबा, तुम्ही आता काही लिहू नका,” ठकी म्हणाली.

ती त्यांच्यासमोर खुर्चीवर बसली. प्लास्टरचा हात तिने उचलून टेबलावर, प्रुफांच्या गठ्ठ्यावर ठेवला.

“तुम्ही विचारा. मी सांगते.”

सरांनी पेन खाली ठेवलं. आयुष्यभर त्यांनी प्रश्नच विचारले होते, पण ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही असा प्रश्न विचारायची त्यांना सवय नव्हती.

“पहिल्यांदा कधी?” त्यांनी विचारलं.

“भुवईच्या वेळी. तेव्हा तो फार घाबरला होता. रक्त थांबत नव्हतं. हॉस्पिटलात त्याला कागद दिला भरायला, तर तो हातात धरून नुसता बसला. काय लिहायचं तेच कळेना त्याला.”

“मग माझा शब्द आठवला त्याला.”

“नाही,” ती म्हणाली. “तुमचं त्याच्या काही लक्षात नव्हतं. मी सांगितला. मधली रेघ राहिली होती, तीही मीच द्यायला लावली.”

सरांनी खाली ठेवलेल्या पेनाला टोपण लावलं.

“का गं?” आईने विचारलं. ती अजून दाराशीच उभी होती.

“कोणी विचारलं असतं तर काय सांगायचं, आई? दुसरं काही सुचलं नाही. हे आपल्या घरातलं होतं.”

तिने डाव्या हाताने पाण्याचा पेला घेतला, दोन घोट प्यायली आणि दुसऱ्या वेळचं, बरगडीचं, सांगायला लागली.